आरसा, पाण्याचा डबा आणि घड्याळ : सूर्याच्या मोजणीच्या नोंदी

सूर्य हा एक तारा आहे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तारा म्हणून त्याचे जे आकडे पुस्तकांत छापलेले असतात, त्यांपैकी किती आकडे साध्या साधनांनी स्वतः काढता येतात, हे पाहण्यासाठी हे काम हाती घेतले. बिंबाचा कोनीय व्यास (म्हणजे बिंब आपल्या डोळ्याशी करते तो कोन), सरासरी घनता, पृष्ठभागाचे तापमान, एकूण तेजस्विता (म्हणजे सूर्य दर सेकंदाला बाहेर टाकतो ती सगळी ऊर्जा), स्वतःभोवती फिरण्याचा काळ आणि वर्णपटातील काळ्या रेषा अशी यादी ठरवली. पृथ्वी आणि सूर्य यांतील अंतर, गुरुत्व स्थिरांक आणि स्टेफान-बोल्ट्झमन स्थिरांक (तप्त पृष्ठभाग किती उष्णता फेकतो ते त्याच्या तापमानाशी जोडणारा आकडा) हे आकडे कोष्टकातून घ्यायचे आणि बाकीचे जमेल तितके मोजायचे, असा नियम ठेवला. यात डोळ्याने सूर्याकडे पाहण्याची गरज कोठेही पडत नाही आणि तसे पाहूही नये; आरशाचा झोत कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही, एवढी काळजी मात्र प्रत्येक वेळी घ्यावी लागते.

५ फेब्रुवारी

पहिल्यांदा कोनीय व्यास घेतला, कारण पुढचे जवळजवळ सगळे आकडे त्याच्यावर उभे राहणार आहेत. लहान छिद्रातून आलेला प्रकाश दूरच्या पडद्यावर सूर्याची प्रतिमा उमटवतो आणि तिचा व्यास अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाइतका असतो. एक मीटरवर ही प्रतिमा जेमतेम ९ मिमी भरते आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी पाच टक्क्यांची चूक होते, म्हणून अंतर वाढवणे भाग असते. आणि अंतर वाढवायचे तर नुसत्या छिद्रापेक्षा आरसा सोयीचा पडतो. उन्हात ठेवलेल्या आरशावर छिद्र पाडलेला काळा कागद चिकटवून परावर्तित झोत अंधाऱ्या बोळकांडीत सोडला. आरशापासून पडद्यापर्यंत ९.२० मीटर अंतर मिळाले.

प्रतिमा अपेक्षेपेक्षा फारच मंद पडली. कारण शोधण्यात बराच वेळ गेला. साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. काच ४ मिमी जाड असून किरण सुमारे ४५ अंशांनी तिरपा येत असल्यामुळे तो मागच्या मुलाम्यावरून परतताना काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर सुमारे ४ मिमी सरकून बाहेर पडतो. छिद्रही ४ मिमीचेच होते. म्हणजे आत शिरलेला प्रकाश परतताना कागदावरच आदळत होता आणि पडद्यावर पोहोचत होता तो मुख्यतः काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला चारेक टक्के भाग. छिद्र मोठे केल्यावर प्रतिमा उजळली, पण कडा दुहेरी दिसू लागली.

मागचा रंग खरवडून मुलाम्याची बाजू पुढे घ्यावी म्हणून एका तुकड्यावर रंग काढण्याचे द्रावण लावून पाहिले. रंगाबरोबर मुलामाही निघून आला. शेवटी पुढून मुलामा दिलेला लहान आरसा मागवला. संपूर्ण कामात खऱ्या अर्थाने पैसे खर्च झाले ते याच वस्तूवर, आणि तो येईपर्यंत काम थांबले. हे पुन्हा करणाऱ्याने आरसा आधी मागवावा आणि मगच बाकीची जुळवाजुळव सुरू करावी.

१२ फेब्रुवारी

नव्या आरशाने प्रतिमा स्वच्छ आली, पण ती स्थिर राहत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती या अंतरावर दर सेकंदाला सुमारे ०.६६ मिमी सरकते, त्यामुळे मोजपट्टीचे एक टोक एका कडेला लावून दुसरी कडा वाचेपर्यंत पहिली कडा पुढे गेलेली असते. पडद्याचे छायाचित्र घेऊन पाहिले, तर उजळ बिंब छायाचित्रात फुगते. उपाय साधा निघाला: कागदावर एक-एक मिलिमीटरच्या फरकाने समकेंद्री वर्तुळे काढून ठेवली आणि सरकत येणारे बिंब कोणत्या वर्तुळात नेमके बसते ते पाहिले. पडदा झोताला काटकोनात नसेल तर बिंब लंबवर्तुळाकार दिसते. अशा वेळी लांब अक्ष सोडून द्यावा, आखूड अक्षच खरा असतो.

खरी अडचण कडेची आहे. छिद्राला स्वतःची रुंदी असल्यामुळे बिंबाची कडा तितक्याच रुंदीच्या पट्ट्यात विरत जाते, आणि डोळा या पट्ट्याची बाहेरची बाजू धरतो. ४ मिमीच्या छिद्राने व्यास ९० मिमी आला, म्हणजे ३३.६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). या दिवसांत तो ३२.४ कलांच्या आसपास असायला हवा. छिद्र लहान करत गेले की हा दोष कमी होतो, पण एका मर्यादेनंतर प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना त्याचे फाकणे, कडा पुन्हा पसरवू लागते. नऊ-दहा मीटर अंतराला साडेतीन ते चार मिलिमीटरचे छिद्र बरे पडते. त्यामुळे छिद्र बदलण्यापेक्षा दोन छिद्रांनी मोजून शून्य रुंदीच्या छिद्रापर्यंत मागे जाणे अधिक भरवशाचे ठरले. ३ मिमीच्या छिद्राने ८९.० मिमी आणि ६ मिमीच्या छिद्राने ९१.५ मिमी व्यास आला. म्हणजे छिद्र ३ मिमीने वाढल्यावर प्रतिमा २.५ मिमीने वाढली. तितकेच मागे गेल्यावर ८६.५ मिमी उरतात, आणि त्यांचा कोन ३२.३ कला होतो.

२० फेब्रुवारी

एकाच पद्धतीवर विसंबून राहणे योग्य वाटले नाही, म्हणून तोच कोन घड्याळाने काढला. सूर्य आकाशात दर सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो. खगोलीय विषुववृत्तापासून तो दूर असेल तेव्हा हा वेग क्रांतीच्या, म्हणजे त्या वृत्तापासूनच्या कोनीय अंतराच्या, कोज्येइतक्या (कोसाइन) पटीने कमी होतो. आज क्रांती दक्षिण ११ अंश आहे, म्हणून वेग १४.७ विकला येतो. पडद्यावर एक रेघ काढायची, बिंबाची पुढची कडा रेघेला टेकल्यापासून मागची कडा रेघ सोडेपर्यंतचा काळ मोजायचा आणि वेगाने गुणायचे. या पद्धतीत ना अंतर लागते, ना मोजपट्टी.

पहिल्या वेळी रेघ भिंतीवर ओळंब्याने सरळ उभी काढली होती. काळ दीडशे सेकंदांच्या आसपास आला, जो कोणत्याही हिशेबात बसत नव्हता. आरशामुळे बिंबाचा मार्ग भिंतीवर तिरपा झालेला असतो, आणि रेघ मार्गाला काटकोनात नसेल तर बिंबाला ती ओलांडायला जास्त वेळ लागतो. पंचवीस अंशांच्या तिरकेपणाने काळ दहा टक्क्यांनी वाढतो. त्यानंतर आधी बिंबाच्या कडेच्या खुणा काही मिनिटे करून मार्ग आखून घेतला आणि गुण्याने त्यावर लंब काढला. ३ मिमीच्या छिद्राने काळ १३६ सेकंद आला. छिद्राच्या रुंदीचे साडेचार सेकंद वजा केल्यावर १३१.५ सेकंद उरले, म्हणजेच पुन्हा ३२.३ कला. दोन परस्परांशी संबंध नसलेल्या पद्धती एकाच आकड्यावर आल्या, तेव्हा आकडा पक्का धरला.

फेब्रुवारीत पृथ्वी सूर्याच्या सरासरीपेक्षा थोडी जवळ, म्हणजे सरासरी अंतराच्या ०.९८८ पट अंतरावर असते. ते जमेस धरले की सरासरी कोनीय व्यास ३१.९ कला होतो. कोष्टकातील आकडा ३२.० कलांच्या अगदी लगतचा आहे. वर्षभरात प्रत्यक्ष व्यास जानेवारीच्या आरंभी ३२.५ आणि जुलैच्या आरंभी ३१.५ कला असा बदलतो. बोळकांडीतल्या पडद्यावर हा फरक जवळजवळ ३ मिमीचा होईल, म्हणून मोजणीची तारीख लिहून ठेवणे आवश्यक आहे.

१ मार्च

आज हातात फक्त वही होती, पण या कामातील मला सर्वांत आवडलेला आकडा आजच निघाला. ३१.९ कलांचा अर्थ असा की सूर्याचे अंतर त्याच्या त्रिज्येच्या २१५.५ पट आहे. वर्षाचा काळ आपल्याला माहीत आहे. या दोहोंतून सूर्याची सरासरी घनता थेट निघते आणि त्यासाठी सूर्य किती दूर आहे हे माहीत असण्याची गरजच पडत नाही: अंतर दुप्पट मानले तर वस्तुमान आठपट येते, आकारमानही आठपट येते, आणि भागाकार होता तसाच राहतो. तीन गुणिले पाय (π), भागिले गुरुत्व स्थिरांक आणि वर्षाच्या सेकंदांचा वर्ग, गुणिले २१५.५ चा घन, असा हिशेब केल्यावर घनमीटरला १,४२० किलोग्रॅम, म्हणजे पाण्याच्या १.४२ पट, हे उत्तर आले. मान्य आकडा १.४१ आहे.

घनाचा हा हिशेब मात्र चुकीला जराही क्षमा करत नाही. १२ फेब्रुवारीचा ३३.६ कलांचा कच्चा आकडा तसाच सरासरी अंतरावर आणून घेऊन पाहिले, तर घनता १.२६ येते, कोनातील चार टक्क्यांची चूक घनतेत अकरा टक्क्यांची होते. कडेच्या पट्ट्यावर इतका वेळ का घालवायचा याचे उत्तर यात आहे.

पाण्याच्या दीडपटीलाही न पोहोचणारी घनता पृथ्वीच्या ५.५ या सरासरी घनतेपुढे बरीच कमी आहे. सूर्य दगडधातूंचा गोळा नाही, एवढे तरी या एका आकड्यावरून ठरते. सरासरी मात्र फसवी आहे. केंद्राशी घनता पाण्याच्या सुमारे १५० पट आहे, तर आपल्याला जो पृष्ठभाग दिसतो तेथील वायू आपल्या हवेपेक्षा हजारो पटींनी विरळ आहे. पडद्यावरच्या बिंबाची कडा मध्यापेक्षा मंद दिसते तीही याच विरळ थरामुळे: कडेला आपली दृष्टी तिरपी शिरते, वरच्या, तुलनेने थंड थरातच अडते आणि खालच्या तप्त थरापर्यंत पोहोचत नाही.

६ मार्च

आता उष्णता. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ क्लोद पुइये यांनी १८३८ मध्ये सूर्याची उष्णता मोजण्यासाठी वापरलेल्या उपकरणाचा साधा अवतार करायचे ठरवले. त्यांचे भांडे उथळ, पाण्याने भरलेले आणि सूर्याकडच्या बाजूने काजळी धरलेले होते. मी ८ सेंमी व्यासाचा चपटा अ‍ॅल्युमिनियमचा डबा घेतला. त्याचे क्षेत्रफळ ५०.३ चौरस सेंमी, वजन ४० ग्रॅम, आत पाणी १०० ग्रॅम. डबा आणि पाणी मिळून एक अंश तापायला सुमारे ४५५ ज्यूल लागतात. तापमापी रबरी बुचातून आत घातली.

पहिले वाचन मिनिटाला ०.३४ अंश, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५१० वॅट इतके आले. निरभ्र दुपारी याच्या जवळपास दुप्पट यायला हवे होते. दोष एक नव्हता. बाजारचा काळा रंग चकचकीत निघाला आणि त्यात आकाश स्वच्छ दिसत होते; जे दिसते ते परावर्तित होते, म्हणजे तेवढे शोषले जात नाही. डब्यात हवेचा मोठा बुडबुडा राहिला होता, आणि डबा सूर्याकडे तिरपा धरला की तो नेमका काळ्या पृष्ठभागाच्या पाठीशी जाऊन बसत होता, त्यामुळे त्या भागाची उष्णता पाण्यात उतरण्याऐवजी वाऱ्यावर जात होती. त्यातून पाणी वरून तापत असल्यामुळे गरम थर वरच राहत होता आणि तापमापीचे टोक खालच्या थंड पाण्यात होते.

रंग घासून काढला आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळीचा थर चढवला. बोट लागले की तो निघतो, पण शोषण उत्तम होते. बुडबुडा वाटाण्याएवढा ठेवला, कारण पाणी प्रसरण पावते तेव्हा थोडी मोकळी जागा लागतेच. डबा आपल्या अक्षाभोवती सतत फिरवत राहिले की पाणी ढवळले जाते. बाजूंना आणि पाठीला कापूस गुंडाळला. बुचातून पाणी झिरपत होते ते मेणाने बंद केले.

१५ मार्च

डबा सूर्यासमोर अचूक धरण्यासाठी त्याच्या पाठीमागे दांड्यावर त्याच आकाराची चकती बसवली; डब्याची सावली चकतीला नेमकी झाकते तेव्हा तोंड सूर्याकडे सरळ असते. पुइये यांच्या उपकरणातही हीच युक्ती होती आणि तिच्यात सुधारणा करण्याजोगे काही सापडले नाही.

मोजणीची पद्धतही त्यांचीच ठेवली: पाच मिनिटे सावली, पाच मिनिटे ऊन, पुन्हा पाच मिनिटे सावली. सावलीतली घट दोन्ही बाजूंनी मोजून तिची सरासरी उन्हातल्या वाढीत मिळवायची, म्हणजे डब्यातून निसटणाऱ्या उष्णतेचा हिशेब आपोआप होतो. येथे सावली कशी पाडतो याला फार महत्त्व आहे. आधी छत्री धरली होती. तिने सूर्याबरोबर अर्धे आकाशही झाकले गेले आणि निळ्या आकाशातून येणारा प्रकाश सूर्याच्या खात्यावर जमा झाला. डब्यापेक्षा किंचित मोठी चकती हातभर लांबून धरली की फक्त सूर्य झाकला जातो आणि आकाश दोन्ही वेळा सारखेच राहते.

आजची वाचने: पहिल्या सावलीत ०.१० अंश घट, उन्हात २.७० अंश वाढ, दुसऱ्या सावलीत ०.३४ अंश घट. दुरुस्त वाढ २.९२ अंश झाली, म्हणजे चौरस मीटरला ८८० वॅट. काजळी ९५ टक्के शोषते असे धरल्यास ९२५ वॅट. आरंभीचे पाणी हवेपेक्षा थोडे थंड घेतले तर दोन्ही सावल्यांतील घट आणखी कमी होते आणि दुरुस्ती लहान राहते. ज्या दिवशी दुरुस्ती मोठी निघते त्या दिवसाचे वाचन मी हिशेबात घेत नाही.

२२ मार्च

९२५ वॅट ही डब्यावर पोहोचलेली उष्णता झाली. वातावरणाने वाटेत किती गिळली ते वेगळे काढावे लागते. त्यासाठी सूर्य उतरत जाईल तसतशी मोजणी करत राहायची. सूर्य ३० अंशांवर आला की किरणांना डोक्यावरच्या हवेच्या दुप्पट हवा भेदावी लागते आणि साडेएकोणीस अंशांवर तिप्पट. सूर्याची उंची उभ्या काठीच्या सावलीवरून काढली. आदल्या एका दिवशी धूसर हवा होती. त्या दिवसाचे बिंदू आलेखावर सरळ रेषेत बसण्याऐवजी वाकत गेले, म्हणून ते टाकून दिले. हवा दिवसभर सारखी राहिली तरच ही रीत चालते.

आज हवा स्वच्छ होती. हवेची जाडी १.२ पट असताना ९३० वॅट, दुप्पट असताना ७६५, तिप्पट असताना ६०५ आणि चौपट असताना ४७५ वॅट मिळाले. या आकड्यांचे लॉगरिदम हवेच्या जाडीपुढे मांडले की सरळ रेषा मिळते आणि ती शून्य हवेपर्यंत वाढवली की वातावरणाबाहेरचा आकडा हाती येतो: सुमारे १,२४० वॅट. उपग्रहांवरील उपकरणांनी ठरवलेला सौर स्थिरांक १,३६१ वॅट आहे आणि पुइये यांचे उत्तर आजच्या एककांत १,२२८ वॅटच्या घरात होते.

आमचा आकडा कमी येण्याचे कारण डब्यात नाही, पद्धतीतच आहे. पाण्याची वाफ अवरक्त प्रकाशाचे काही पट्टे आणि ओझोन जंबुपार प्रकाश जवळजवळ पूर्णपणे वरच अडवतात. तो भाग सूर्य माथ्यावर असतानाही डब्यापर्यंत येत नाही आणि कलल्यावरही येत नाही. जो कधी पोहोचलाच नाही त्याची घट सरळ रेषेला दिसणार कशी? प्रत्येक तरंगलांबी वेगळी मोजून मग बेरीज केली तर हा दोष बराच निघतो, पण ते या डब्याचे काम नव्हे.

२४ मार्च

तापमान. पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर किती उष्णता फेकतो ते काढण्यासाठी पृथ्वीजवळच्या आकड्याला अंतर आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचे. आणि हे गुणोत्तर कोनीय व्यासातून आधीच मिळालेले आहे. म्हणजे घनतेप्रमाणेच तापमानासाठीही सूर्याचे अंतर लागत नाही. १,२४० वॅट आणि या तारखेचा ३२.० कलांचा व्यास घेऊन स्टेफान-बोल्ट्झमन नियमाने ५,६४० केल्विन आले. मान्य आकडा ५,७७२ केल्विन आहे.

उष्णतेत नऊ टक्के तूट असूनही तापमानात अडीच टक्क्यांचाही फरक नाही, कारण चौथे मूळ काढताना चूक चतुर्थांशावर येते. कुतूहल म्हणून ६ मार्चचा फसलेला ५१० वॅटचा आकडा घालून पाहिला, तरी ४,५०० केल्विन आले. घनता जितकी कडक, तितके तापमान सैल. म्हणून हे काम करणाऱ्याजवळ वेळ थोडा असेल तर तो डब्यावर न घालवता आरशावर घालवावा, असे माझे मत झाले आहे.

येथून पुढे मात्र अंतराशिवाय पाऊल पडत नाही. १४.९६ कोटी किलोमीटर हे सरासरी अंतर घेतले की त्रिज्या ६.९४ लाख किलोमीटर येते. मान्य आकडा ६.९६ लाख आहे. तेजस्विता ३.४६ गुणिले १० चा २६ वा घात वॅट आली, जी प्रत्यक्षात ३.८३ आहे, डब्यातली तूट येथे पूर्ण उतरली. वस्तुमान २ गुणिले १० चा ३० वा घात किलोग्रॅम. तेजस्वितेला वस्तुमानाने भागले तेव्हा आकडा पुन्हा तपासावा लागला, कारण किलोग्रॅममागे एक सहस्रांश वॅटचाही पाचवा हिस्सा निघत नव्हता. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर किलोग्रॅममागे एक वॅटहून अधिक उष्णता टाकते! हिशेब मात्र बरोबर आहे. सूर्याचे तेज त्याच्या अवाढव्यपणातून येते; त्याच्या केंद्रातली आच त्या मानाने अतिशय संथ आहे.

एवढी संथ आचसुद्धा कोळशाने टिकली नसती. त्याच वस्तुमानाचा कोळसा या गतीने काही हजार वर्षांत संपतो, आणि सूर्याचे वय साडेचार अब्ज वर्षांहून थोडे जास्त आहे. हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जा बनतो, तेव्हाच ही मुदत पुरते. आमच्या तेजस्वितेवरून सूर्य सेकंदाला साडेअडतीस लाख टन वस्तुमान प्रारणात घालवतो असे येते. नऊ टक्के तूट भरून काढली की हा आकडा बेचाळीस लाखांवर जातो.

८ एप्रिल

सूर्याच्या परिवलनासाठी आरशाची प्रतिमा चालली नाही. ८७ मिमीच्या बिंबात ४ मिमीचा ठिपका हीच तिची सूक्ष्मतेची मर्यादा असल्यामुळे फार मोठे डाग सोडले तर काही दिसत नाही. लहान दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर बिंब पाडले. प्लॅस्टिकच्या घरातले नेत्रिका-भिंग काही मिनिटांत तापून त्याची कड मऊ झाली; धातूच्या घरातले भिंग वापरावे, मुखावर जाड पुठ्ठ्याची चकती बसवून भोक लहान करावे आणि मधूनमधून दुर्बीण सूर्यापासून वळवावी.

रोजच्या रेखाटनांत एक डाग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेला. दिशा ठरवण्यासाठी दुर्बीण स्थिर ठेवून बिंब कोणीकडे वाहते ते पाहिले, ती पश्चिम. नुसते मिलिमीटर मोजून भागाकार केला तेव्हा डागाचा वेग रोज वेगळा येत होता, कडेजवळ मंद आणि मध्याजवळ जलद. डाग गोलावर असतो, कागदावर नाही. म्हणून मध्यरेषेपासूनचे अंतर त्या अक्षांशावरच्या अर्ध्या जीवेने (बिंबाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतच्या रेषेच्या निम्म्याने) भागायचे, येणारा आकडा कोनाची ज्या (साइन) समजायचा आणि कोन काढायचा. संपूर्ण बिंबाच्या त्रिज्येने भागले तर विषुववृत्तापासून दूरच्या डागात चूक होते. ३ एप्रिलला गुणोत्तर मध्याच्या पूर्वेला ०.६०, म्हणजे ३६.९ अंश होते; आज त्याच वेळी पश्चिमेला ०.५०, म्हणजे ३० अंश. पाच दिवसांत ६६.९ अंश, त्यावरून एक फेरी २६.९ दिवसांची. दरम्यान पृथ्वीही त्याच दिशेने पुढे सरकलेली असते, तेवढे वजा केल्यावर सूर्याचा स्वतःचा फेरा २५.१ दिवसांचा येतो.

हा आकडा त्या अक्षांशापुरता आहे. सूर्य घन नसल्यामुळे विषुववृत्ताजवळ तो जलद फिरतो आणि ध्रुवांकडे त्याच फेऱ्याला चौतीस-पस्तीस दिवस लागतात. डागांचे मार्ग या दिवसांत वक्र दिसतात, कारण सूर्याचा अक्ष ७.२५ अंशांनी कललेला आहे. जून आणि डिसेंबरच्या आरंभी ते सरळ दिसतात आणि तेव्हा मोजणी अधिक सोपी पडते.

१९ एप्रिल

वर्णपटासाठी जुन्या डीव्हीडीचा तुकडा घेतला. तिच्या खोबणींतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर असल्यामुळे ती सीडीपेक्षा रंग दुपटीहून अधिक पसरवते. वरचा चकचकीत थर चिकटपट्टीने ओढून काढला की पारदर्शक जाळी उरते. फट प्रथम पुठ्ठ्यात कापली होती, तिच्या कडा फुलल्यामुळे नुसते इंद्रधनुष्य मिळत होते आणि रेषा एकही नव्हती. दाढीच्या पात्याचे दोन तुकडे केसभर अंतराने समोरासमोर बसवले आणि फट जाळीच्या खोबणींना समांतर केली, तेव्हा काळ्या रेषा उभ्या राहिल्या; वायूतील प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषते, त्याच्या या खुणा. फट सूर्याकडे न रोखता उन्हातल्या पांढऱ्या कागदाकडे रोखली. प्रकाश पुरेसा असतो.

ओळखू आलेल्या रेषा: सोडियमची ५८९ नॅनोमीटरची, जी या जाळीत एकच दिसते, मॅग्नेशियमची ५१७ च्या आसपासची, हायड्रोजनच्या ४८६ आणि ६५६ वरच्या. तरंगलांबीची पट्टी आखण्यासाठी नळीच्या दिव्यातील पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषा वापरल्या. ६८७ नॅनोमीटरजवळची रेषा संध्याकाळी ठळक होत गेली आणि ४८६ ची होती तशीच राहिली: पहिली आपल्याच हवेतील ऑक्सिजनची आहे, दुसरी सूर्याची. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्राउनहोफर यांनी १८१४ पासून नोंदवलेल्या पाचशेहून अधिक रेषांत ही दोन्ही प्रकारची मंडळी मिसळलेली होती, आणि त्यांना वेगळे करायला एवढी साधी परीक्षा पुरते, हे पाहून समाधान वाटले.

रेषांच्या ठळकपणावरून सूर्यात काय किती आहे हे ठरवू गेले तर फसगत होते. वस्तुमानाने जवळजवळ तीन चतुर्थांश असलेला हायड्रोजन दृश्य वर्णपटात सोडियमपेक्षा फारसा उठून दिसत नाही. २४ मार्चला काढलेल्या पावणेसहा हजारांच्या आसपासच्या तापमानात हायड्रोजनचे फारच थोडे अणू या रेषा शोषण्याच्या स्थितीत असतात, तर सोडियम आणि कॅल्शियम अल्प प्रमाणात असूनही ठसठशीत रेषा उमटवतात. तापमानाचा हा परिणाम वजा करून खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये हायड्रोजनचे खरे प्रमाण दाखवले.

कॅल्शियमच्या सर्वांत ठळक दोन रेषा, ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरच्या, मात्र फोनच्या कॅमेऱ्यात उमटल्या नाहीत. कॅमेऱ्यातली गाळणी आणि भिंग ४०० च्या खालचा बहुतेक प्रकाश अडवतात. जाळीतून थेट डोळ्याने कागदाकडे पाहिले तर जांभळ्याच्या अगदी टोकाला त्या अंधुक जाणवतात. त्यासाठी खोली पूर्ण अंधारी करून दहा-पंधरा मिनिटे डोळे स्थिरावू द्यावे लागतात आणि फट कॅमेऱ्यासाठी ठेवतो त्याच्या दुप्पट रुंद ठेवावी लागते.